पक्षिमित्र डॉ. सलीम अली

पावसाळ्यात महाडहून पोलादपूरकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार भातशेती दिसते. सावित्री नदी कधी रस्त्याजवळ येते, कधी दूर जाते. शेताच्या कडेला एखादी विहीर असते. तिच्यावर वाकलेल्या झाडाला गवताची लांबट घरटी लोंबत असतात. वाऱ्याबरोबर ती झुलतात, पण सहसा तुटून पडत नाहीत. ही सुगरण पक्ष्याची घरटी. उर्दूत आपण या पक्ष्याला बया म्हणतो.

अशा झाडाखाली कधीकधी दोन-तीन मुले उभी असतात. त्यांच्या हातात गलोल असते. घरी आपण तिला गुलेल म्हणतो. नेम धरून दगड मारायचा आणि पाखरू पडले की आनंदाने ओरडायचे, हा त्यांचा खेळ. कोणी रागावले तर त्यांना आश्चर्य वाटते. एवढ्याशा पाखरासाठी इतके काय, असे त्यांच्या मनात येते. मोठी माणसेही पुष्कळदा हसून पुढे निघून जातात.

या मुलांना वाईट ठरवण्याची घाई आपण करू नये. सुमारे एकशेवीस वर्षांपूर्वी मुंबईत असाच नेम धरून पाखरे मारणारा एक मुलगा होता. पुढे तोच भारतातील पक्ष्यांचा मोठा जाणकार झाला. पक्ष्यांसाठी आणि जंगलांसाठी त्याने देशाच्या पंतप्रधानांकडे शब्द टाकला आणि त्या शब्दाला मान मिळाला. त्या मुलाचे नाव सलीम. मारणारा हात जपणारा कसा झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीच्या घरी वाढवले. या मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या मुलांना मायेने सांभाळले.

त्या काळी शिकार हा प्रतिष्ठेचा छंद मानला जाई. राजेरजवाडे आणि इंग्रज अधिकारी मारलेल्या वाघाजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेत. शिकारीच्या गोष्टी घरोघरी कौतुकाने सांगितल्या जात. अमीरुद्दीन मामाही शिकारीचे शौकीन होते. त्यामुळे लहानग्या सलीमला छर्ऱ्यांची एक छोटी बंदूक मिळाली, तेव्हा त्याचा आनंद गगनात मावेना. चिमण्या टिपणे हा त्याचा आवडता उद्योग झाला.

सलीम नऊ-दहा वर्षांचा असतानाची एक हकिकत आहे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर खिळ्यावर बसून राखण करी. सलीमने आडोशाला दबा धरून तो नर मारला. थोड्याच वेळात त्या जागी दुसरा नर येऊन बसला. सलीमने त्यालाही मारले. मग तिसरा आला. सात दिवसांत त्याने एकाच जागी आठ नर मारले. ही हकिकत वाचून आपल्याला वाईट वाटते. पण त्या मुलाने आणखी एक गोष्ट केली. जे पाहिले ते त्याने कागदावर लिहून ठेवले. नर गेला की मादीला लगेच नवा जोडीदार मिळतो, ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. पक्ष्यांविषयी त्यांनी लिहिलेले हे पहिले टिपण. अनेक वर्षांनी ते छापूनही आले.

पुढे एके दिवशी सलीमने आणखी एक चिमणी पाडली. ती उचलून पाहतो तो काय, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. हा पक्षी खाणे आपल्याला हलाल आहे की नाही, असा प्रश्न त्याला पडला. स्वयंपाकघराकडे न जाता तो मामांकडे गेला. मामांनाही त्या पक्ष्याचे नाव सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करणारी ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली आहे. मामांनी सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि सलीमला त्यांच्याकडे पाठवले.

कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन तो मुलगा भीतभीतच गेला. त्या काळी एखाद्या इंग्रज साहेबासमोर उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. पण मिलार्ड साहेब प्रेमळ निघाले. त्यांनी पक्षी ओळखला. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी एकामागून एक कपाटे उघडून भारतातील शेकडो पक्ष्यांचे पेंढा भरलेले नमुने मुलाला दाखवले. सलीम थक्क झाला. आपण ज्यांना नुसते पाखरू म्हणतो त्यांच्यात एवढे प्रकार आहेत, हे त्याला त्या दिवशी कळले. मिलार्ड साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. एका मुलाच्या प्रश्नाला त्यांनी वेळ दिला, म्हणून देशाला एक शास्त्रज्ञ मिळाला. सलीम अलींनी १९८५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या नावातही एका चिमणीचे पडणे आहे.

सलीमची पुढची वाट मात्र सरळ नव्हती. शाळेत ते फार हुशार म्हणून ओळखले जात नसत. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. त्यानंतर कुटुंबाचा व्यवसाय पाहण्यासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तेथे खाणीचे आणि लाकडाचे काम होते. पण भोवती घनदाट जंगल होते आणि सलीम यांचे लक्ष हिशेबापेक्षा पक्ष्यांकडेच अधिक असे. १९१८ साली त्यांचा विवाह तहमिना यांच्याशी झाला. व्यवसाय बुडाला आणि काही वर्षांनी पतिपत्नी मुंबईला परतली. पक्षिशास्त्रज्ञाच्या एका सरकारी जागेसाठी सलीम अलींनी प्रयत्न केला, पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती जागा मिळाली नाही. १९२६ साली त्यांना मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते शिकण्यासाठी जर्मनीत बर्लिनला गेले. तेथे प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे धडे घेतले. १९३० साली ते परत आले तेव्हा पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

नोकरी गेली तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात राहायला आले. अलिबाग तालुक्यात समुद्रकाठी किहीम नावाचे गाव आहे. त्या वेळी आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसऱ्या कोणी नशिबाला दोष देत दिवस काढले असते. सलीम अली मात्र रोज तासन्तास त्या घरट्यांकडे पाहत बसू लागले. कोणता पक्षी कधी आला, काय घेऊन आला, किती विणले, हे सारे ते वहीत टिपून ठेवत.

या निरीक्षणातून एक नवी गोष्ट समोर आली. सुगरणीचे घरटे मादी विणत नाही, नर विणतो. गवताच्या पात्याच्या बारीक पट्ट्या काढून तो घरटे अर्धे विणतो. मग माद्या येतात आणि घरटी आतबाहेर तपासतात. एखादे पसंत पडले की मादी तेथे राहते आणि नर ते घरटे पूर्ण करतो. नंतर तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि तेथे दुसरी मादी येते. हजारो वर्षे आपल्या डोळ्यांसमोर हे पक्षी घरटी बांधत होते, पण इतक्या बारकाईने कोणी पाहिले नव्हते. या अभ्यासामुळे जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष सलीम अलींकडे गेले. त्यासाठी त्यांना बंदूक लागली नाही. डोळे, वही आणि धीर एवढेच पुरले.

त्यानंतर त्यांनी हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च द्यावा, एवढीच त्यांची अट असे. तहमिना त्यांच्याबरोबर रानावनात तंबूत राहत. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तहमिना वारल्या. या दुःखातून सावरणे त्यांना फार जड गेले. पुढे ते बहिणीच्या घरी राहिले आणि त्यांनी उरलेले सारे आयुष्य कामाला वाहिले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते हातात घेऊन सामान्य माणसेही पक्षी ओळखू लागली. पुढे अमेरिकेतील शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. सलीम अलींनी मोठेपणी पक्षी मारणे पूर्ण सोडले का? नाही. त्या काळी पक्ष्यांच्या जाती नेमक्या ओळखण्यासाठी नमुने गोळा करावे लागत आणि त्यासाठी काही पक्षी मारावे लागत. त्यांनी हे केले आणि कधी लपवले नाही. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या काही लोकांना ही गोष्ट खटकते. एकही जीव मारू नये, असे त्यांचे म्हणणे असते. उलट काही लोकांना पशुपक्ष्यांची काळजी करणे हाच रिकामा उद्योग वाटतो. माणसांचीच दुःखे इतकी असताना पाखरांसाठी कशाला रडायचे, असे ते विचारतात. सलीम अलींची वाट या दोन्हींपेक्षा वेगळी होती. गंमत म्हणून मारणे आणि जाणून घेण्यासाठी नमुना घेणे यांत त्यांनी फरक केला. एक पक्षी मेला तर त्याची जात टिकते, पण त्याचे रान आणि पाणथळ नष्ट झाले तर सारी जातच संपते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी पक्ष्यांच्या घरांसाठी झगडा केला. नमुने मारण्याऐवजी जिवंत पक्षी पाहण्याकडे त्यांचा कल वाढत गेला. १९६० च्या सुमारास त्यांच्या देखरेखीखाली एक मोठे काम सुरू झाले. पक्षी अलगद जाळ्यात पकडायचे, पायात क्रमांकाचे छोटे वाळे घालायचे आणि त्यांना पुन्हा आकाशात सोडून द्यायचे. असा पक्षी दूरच्या एखाद्या देशात सापडला की तो कोठून कोठे जातो ते समजे. लहानपणी आठ चिमण्या मारणारे सलीम अली आता हजारो पक्षी सुखरूप सोडून देण्याच्या कामात रमले होते.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव नावाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तेथे दूरदूरच्या देशांतून पक्षी येतात. संस्थानी काळात ही शिकारीची जागा होती. १९३८ साली व्हाइसरॉयच्या पाहुणचारासाठी तेथे एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. ही जागा पक्ष्यांसाठी राखून ठेवावी म्हणून सलीम अलींनी मनापासून प्रयत्न केले. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. त्यांनी केरळातील सायलेंट व्हॅली हे जंगल वाचवण्यासाठीही आवाज उठवला. तेथे होणारे धरण रद्द झाले आणि १९८४ साली तेही राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

पण थोर माणसांचे सगळेच बरोबर ठरते असे नाही. केवलादेव येथे आसपासच्या गावांच्या म्हशी चरायला येत. म्हशींमुळे पक्ष्यांचे नुकसान होते, असे सलीम अली आणि सोसायटीचे मत होते. १९८२ मध्ये तेथे चराईवर बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही माणसांचे प्राण गेले. नंतर सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यास केला. म्हशी पाण्यातील गवत खात होत्या म्हणूनच पाणी मोकळे राहत होते, असे त्यांना आढळले. म्हशी बंद झाल्यावर गवत माजले आणि काही पक्ष्यांची उलट अडचण झाली. पक्ष्यांचे भले करताना शेजारच्या गरीब माणसाला विचारात घेतले नाही तर माणूसही दुखावतो आणि पक्ष्याचेही भले होत नाही. ही चूक शोधून काढणारी माणसे सलीम अलींच्याच संस्थेतील होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पाहिलेले खरे लिहायचे, मग ते आपल्या मताविरुद्ध का असेना, हा धडा त्या संस्थेने पाळला.

देशाने सलीम अलींचा मोठा गौरव केला. १९५८ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९७६ मध्येच त्यांना एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिली. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात चोडण बेटावर आणि केरळात तट्टेकाड येथे त्यांच्या नावाची पक्षी अभयारण्ये आहेत.

त्यांच्या मागे काही वर्षांनी एक मोठे संकट आले. १९९० नंतर भारतातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर शंभरात एकही उरले नाही, अशी स्थिती झाली. ही घट प्रथम लक्षात आली ती केवलादेव येथेच, कारण तेथे सोसायटीच्या अभ्यासकांनी पूर्वीची मोजणी लिहून ठेवली होती. मग कारणाचा शोध सुरू झाला. पाकिस्तानातील पंजाबात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना ते सापडले. आजारी गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्यांना डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जात होते. असे गुरू मेले आणि गिधाडाने त्याचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. गुरांवर केलेली दया नकळत गिधाडांच्या जिवावर बेतली होती. २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधाला बंदी झाली.

या कामात आपल्या महाडचाही वाटा आहे. येथील सीस्केप या संस्थेने आपल्या जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव येथे गिधाडांच्या रक्षणाचे काम केले. मेलेली जनावरे गिधाडांसाठी पोचवली. गावकऱ्यांनी घरटी असलेली झाडे जपली. गिधाड हा कुरूप, अशुभ पक्षी, असे पुष्कळ लोक समजत. मेलेले जनावर खाऊन तो गावाची दुर्गंधी आणि रोगराई दूर ठेवतो, हे समजल्यावर लोकांची नजर बदलली.

मुक्या जनावराला छळू नये, तहानलेल्या जिवाला पाणी पाजावे, असे आपल्या घरातही लहानपणापासून सांगितले जाते. ते खरेच आहे. पण दया करायची तर ज्याच्यावर करायची त्याला ओळखलेही पाहिजे. तो काय खातो, कोठे राहतो, त्याला कशाने इजा होते, हे माहीत नसेल तर चांगल्या मनानेही नुकसान होऊ शकते. सलीम अलींच्या आयुष्याकडून शिकायचे ते हेच. पिवळ्या डागाची चिमणी हातात आली तेव्हा त्यांनी आधी विचारले, हा पक्षी कोणता?

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. तुम्ही मुंबईला जाल तेव्हा पनवेलच्या अलीकडे कर्नाळ्याचा किल्ला लागतो. त्याच्या पायथ्याचे रान १९६८ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पण पक्षी पाहण्यासाठी तेवढे दूर जाण्याची गरज नाही. पुढच्या पावसाळ्यात विहिरीवरच्या त्या झाडाखाली उभे राहा. गुलेल घरी ठेवा आणि एक वही बरोबर घ्या. किती घरटी आहेत ते मोजा. कोणती अर्धी आहेत, कोणती पूर्ण झाली, ते लिहा. जे दिसेल तेच लिहा. तुमच्यासारखाच एक मुलगा अशाच एका टिपणापासून सुरुवात करून फार दूर गेला.